हरवलेला रंग दुरुस्त होत नाही

विदर्भात कापूस पिकवणाऱ्या कोणालाही ‘लाल्या’ हा शब्द नवा नाही. बोंडे भरण्याच्या सुमारास कपाशीची, म्हणजे आमच्या बोलीतल्या पऱ्हाटीची, हिरवी पाने लाल पडू लागतात. पानातले हरितद्रव्य कमी होते आणि अँथोसायनिन हे लालसर-जांभळे रंगद्रव्य वाढते. याची कारणे मात्र अनेक आहेत. जमिनीत मॅग्नेशियम कमी असणे, नत्र कमी पडणे, रात्रीचे तापमान एकदम उतरणे, तुडतुड्यांनी रस शोषणे, यांपैकी कशानेही पान लाल होऊ शकते. मॅग्नेशियमची कमतरता असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग लाल होतो. तुडतुड्यांचा उपद्रव असेल तर पानाच्या कडा खाली वळतात, आधी पिवळ्या आणि मग लाल होतात. पहिल्या प्रकारात मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करायची, दुसऱ्यात किडीचा बंदोबस्त. तेव्हा पान लाल झाले एवढे कळून भागत नाही. लाल रंग पानावर नेमका कोठे आहे आणि किती आहे, हे कळावे लागते.

या प्रश्नावर दारव्ह्याच्या एका शाळेतील विद्यार्थ्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प घेतला होता. दारव्हा हे यवतमाळ जिल्ह्यातले माझे गाव. प्रकाश आणि रंग यांचे मापन हा माझ्या संशोधनाचा विषय असल्याने तेथील शिक्षक मला अधूनमधून काही विचारत असतात. मुलांनी सप्टेंबरपासून दर शनिवारी शेतातल्या ठरावीक सहा झाडांचे मोबाइल फोनवर चित्रण केले. त्या चित्रणातून पानांच्या लालीचे प्रमाण मोजायचे आणि त्याचा आलेख काढायचा, अशी योजना होती. दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले तेव्हा त्यांनी तो आलेख मला दाखवला. आलेखानुसार लाली जवळपास वाढतच नव्हती. आम्ही धुऱ्यावर जाऊन पाहिले, तर अर्धे शेत लाल झालेले होते.

मुलांनी विचारले, “मॅडम, रंग सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?” प्रश्न साहजिक होता. पण खरा प्रश्न वेगळा होता: रंग सुधारता येईल इतकी माहिती त्या फाइलमध्ये उरली होती का? याचे उत्तर सॉफ्टवेअरवर नव्हे, तर चित्रण कोणत्या फॉरमॅटमध्ये केले यावर अवलंबून असते. त्याचाच विचार या लेखात करू.

कॅमेऱ्याचा शहाणपणा

प्रथम आलेख का चुकला ते पाहू. सकाळचे ऊन पिवळसर असते, ढगाळ दिवशीचा प्रकाश निळसर असतो. आपला मेंदू हा फरक वजा करतो, म्हणून पांढरा सदरा आपल्याला दोन्ही वेळी पांढराच दिसतो. कॅमेऱ्यालाही हे जमावे म्हणून त्यात ‘व्हाइट बॅलन्स’ची स्वयंचलित सोय असते. तिच्या अनेक पद्धतींच्या मुळाशी एक साधे गृहीतक आहे: संपूर्ण चित्राची सरासरी काढली तर ती साधारण करड्या रंगाची यावी. सरासरीत लाल जास्त भरला, तर कॅमेरा समजतो की प्रकाशच लालसर आहे, आणि लाल कमी करतो.

आता चौकटभर कपाशीची पाने आहेत आणि ती आठवड्यागणिक लाल होत आहेत. रोग जितका वाढेल तितका कॅमेरा लाल रंग दाबेल! मोजायची वस्तूच उपकरण पुसून टाकत होते. तराजूत जसजसे धान्य घालावे तसतसे दुकानदाराने दुसऱ्या पारड्यात गुपचूप वजन ठेवत जावे, तसा हा प्रकार.

यावर इलाज आहे. चौकटीत कोठेतरी करड्या रंगाचा कागद असेल, तर त्या कागदाचे लाल, हिरवा आणि निळा हे तीनही आकडे सारखे यायला हवेत. समजा ते १५०, १२० आणि १०० आले. तर लाल आकड्यांना १२०/१५०, म्हणजे ०.८ ने गुणायचे आणि निळ्या आकड्यांना १२०/१००, म्हणजे १.२ ने. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला हाच गुणाकार लावायचा. रंगदुरुस्तीचा गाभा एवढाच आहे: आकड्यांना गुणणे, त्यांत मिळवणे, वजा करणे आणि त्यांची वाटणी बदलणे. मुलांच्या चित्रणात एका झाडाला बांधलेली करडी चिठ्ठी सुदैवाने दिसत होती, म्हणून आम्ही हा गुणाकार करून पाहिला. सरासरी लाली बरीचशी जागेवर आली. पण शिरा हिरव्या की लाल, हे काही केल्या दिसेना. शिवाय सावलीतल्या पानांवर चौकोनी ठिपके उमटले आणि आकाशात पट्टे पडले. असे का झाले?

चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता

व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे चित्रबिंदूंचा, अर्थात पिक्सेलचा, तक्ता. नेहमीच्या हाय डेफिनिशन चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. प्रत्येक आकड्याला ८ बिट, म्हणजे एक बाइट दिला, तर एका फ्रेमला ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १५.५ कोटी बाइट, आणि तासाभराच्या चित्रणाला सुमारे ५६० गिगाबाइट! एवढी जागा फोनमध्ये नसते. म्हणून फोन सेकंदाला साधारण २० मेगाबिट, म्हणजे २५ लाख बाइटच लिहितो. बासष्ट भागांपैकी एक भाग ठेवला आणि बाकीचे टाकले, असा हा हिशेब झाला.

चित्र तरीही छान दिसते. काय टाकले तर माणसाच्या डोळ्याला कळणार नाही, याचा बारकाईने विचार करूनच ते टाकलेले असते. पण हा विचार ‘चित्र आहे तसेच पाहिले जाईल’ असे धरून केलेला असतो. रंगदुरुस्ती करताना आपण अंधारे भाग उजळतो, फिके रंग गडद करतो. जे लपले होते तेच पुढे आणतो आणि टाकून दिलेल्या गोष्टींच्या जागा उघड्या पडतात. हे टाकणे तीन प्रकारचे असते. ते एकेक करून पाहू.

पहिली तूट: पायऱ्या

८ बिटांत २ चा आठवा घात, म्हणजे २५६ पायऱ्या मावतात: ० ते २५५. दहा बिटांत १०२४ आणि बारा बिटांत ४०९६. तीन रंग मिळून ८ बिटांत १,६७,७७,२१६ रंग होतात. हा आकडा इतका मोठा आहे की आणखी कशाला हवेत, असे वाटेल. पण रंगांची एकूण संख्या फसवी आहे. एका रंगाच्या उतारावर किती पायऱ्या मिळतात, ते पाहायला हवे.

समजा सावलीतल्या पानांचे सगळे आकडे ० ते ६३ यांच्या दरम्यान आहेत. ती उजळण्यासाठी आपण चारने गुणले. आता आकडे ०, ४, ८, १२ असे २५२ पर्यंत जातील. मधले १, २, ३ कोठून येणार? त्यांची नोंदच झालेली नाही. २५६ पायऱ्यांच्या जागी ६४ च पायऱ्या, त्याही उंच उंच. पडद्यावर त्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. संध्याकाळच्या आकाशात किंवा भिंतीवरील मंद सावलीत हे लगेच जाणवते. हेच चित्रण १० बिटांत केले असते, तर त्याच अंधाऱ्या पाव भागात २५६ पायऱ्या मिळाल्या असत्या आणि चारपट उजळूनही पट्टे पडले नसते. फक्त सेंटिमीटरच्या खुणा असलेल्या पट्टीने पेन्सिलची जाडी मोजायची आणि मग उत्तर कितीही दशांश स्थळांपर्यंत लिहायचे, तसे हे आहे. अचूकता मोजतानाच यावी लागते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रकाश दुप्पट झाला की आपल्याला तो एका पायरीने वाढल्यासारखा भासतो. पण प्रकाशाच्या प्रमाणात सरळ आकडे दिले तर १०२४ पायऱ्यांपैकी ५१२ पायऱ्या सर्वांत उजळ दुपटीतच खर्च होतात. तिच्या खालच्या दुपटीला २५६, मग १२८, ६४, ३२ आणि सहाव्या दुपटीच्या वाट्याला केवळ १६ येतात. सावली अशी दरिद्री राहते. म्हणून ‘लॉग’ नावाची पद्धत वापरतात. नाव लॉगॅरिथमवरूनच आले आहे. तीत प्रत्येक दुपटीला जवळपास सारख्या पायऱ्या वाटून देतात. असे चित्र पाहायला फिके, धुरकट दिसते, पण दुरुस्तीला उत्तम. मात्र मुळात २५६ च पायऱ्या असतील तर त्या इतक्या मोठ्या पल्ल्यावर विरळ पडतात. त्यामुळे लॉग वापरायचे ते १० किंवा अधिक बिटांत. ८ बिटांत शक्यतो नको.

आणि वरच्या टोकाचे काय? पळसाचे फूल भर उन्हात चित्रित केले तर त्याचा लाल आकडा २५५ ला जाऊन टेकतो. त्यापुढचा सगळा फरक सपाट होतो. पाकळीवरच्या छटा अशा वेळी कोणत्याही गुणाकाराने परत येत नाहीत.

दुसरी तूट: रंगाची बारकाई

मुलांच्या प्रकल्पाला खरा धक्का बसला तो येथे. आपला डोळा उजेडातला बारीक फरक चटकन टिपतो, रंगातला बारीक फरक मात्र तितका टिपत नाही. म्हणून व्हिडिओत लाल, हिरवा, निळा हे आकडे जसेच्या तसे ठेवत नाहीत. त्यांचे रूपांतर एक तेजस्वितेचा आकडा आणि दोन रंगफरकाचे आकडे यांत करतात. हाय डेफिनिशन चित्रात तेजस्विता काढताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा ७ टक्के धरतात. ही विभागणी दूरचित्रवाणीच्या काळापासून चालत आली आहे. भारतात १९८२ साली दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा घराघरांतले जुने कृष्णधवल संच निरुपयोगी झाले नाहीत, कारण त्यांना लागणारी तेजस्विता वेगळी पाठवलेली होती.

एकदा रंग वेगळा काढला की त्यात काटकसर करता येते. फॉरमॅटच्या माहितीत ४:४:४, ४:२:२, ४:२:० असे जे आकडे दिसतात ते या काटकसरीचे. ४:४:४ मध्ये प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग असतो. ४:२:२ मध्ये आडवे शेजारी असलेले दोन पिक्सेल एकच रंग वाटून घेतात. ४:२:० मध्ये दोन वरचे आणि दोन खालचे, असे चार पिक्सेल मिळून एक रंग. म्हणजे तेजस्वितेचे २०,७३,६०० आकडे असले, तरी रंगाच्या जागा मात्र ४:२:२ मध्ये १०,३६,८०० आणि ४:२:० मध्ये ५,१८,४०० च. फोनचे चित्रण, बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचे चित्रण आणि आपल्यापर्यंत पोहोचणारे जवळपास सर्व व्हिडिओ ४:२:० असतात.

आता पानाकडे येऊ. मुलांनी पूर्ण झाड चौकटीत घेतले होते. समजा एक मीटर रुंदीचा भाग १९२० पिक्सेलमध्ये बसला. मग एका मिलिमीटरला जेमतेम दोन पिक्सेल येतात आणि अर्धा मिलिमीटर रुंद शिरेला एक. ही एक पिक्सेलची हिरवी शीर आणि तिच्या शेजारचा लाल भाग ४:२:० मध्ये एकाच रंगाच्या जागेत येतात. तेथे दोहोंची सरासरी नोंदली जाते, धड लाल नाही आणि धड हिरवी नाही. तेजस्विता मात्र पूर्ण बारकाईने नोंदलेली असल्याने शीर रेषेसारखी दिसते. शीर आहे हे कळते, ती हिरवी आहे हे कळत नाही. मॅग्नेशियमची कमतरता ओळखण्याची जी खूण, नेमकी तीच फॉरमॅटने पुसली होती. रंग कितीही गडद केला, तरी सरासरीतून मूळचे दोन आकडे वेगळे काढता येत नाहीत. दोन संख्यांची सरासरी १० आहे, तर त्या संख्या कोणत्या, असे विचारल्यासारखे ते होईल.

तिसरी तूट: ठोकळे आणि फरक

यानंतर येते दाबणे, म्हणजे कॉम्प्रेशन. चित्राचे लहान लहान चौकोनी ठोकळे पाडतात. प्रत्येक ठोकळ्यातला ठळक बदल ठेवतात आणि बारीक चढउतार ढोबळ करतात. सावलीतील पानांचा पोत असा ढोबळ होतो आणि पुढे चित्र उजळले की ठोकळ्यांच्या कडा दिसू लागतात.

शिवाय एच.२६४ आणि एच.२६५ या फोनमधल्या प्रचलित पद्धती बहुतेक फ्रेम पूर्ण लिहीतच नाहीत. (पहिली २००३ साली प्रमाणित झाली, दुसरी २०१३ साली.) एखादी फ्रेम पूर्ण आणि तिच्या पुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त काय बदलले याची नोंद, असे त्यांचे काम चालते. जागेची बचत मोठी होते. पण वाऱ्याने सगळे शेतच हलत असेल तर बदल फार होतात आणि तेवढ्याच बिटांत ते कोंबावे लागतात. दुसरे असे की, दुरुस्ती करताना संगणकाला एक फ्रेम दाखवण्यासाठी मागच्यापुढच्या अनेक फ्रेम उलगडाव्या लागतात, त्यामुळे तो अडखळतो. तिसरे, अशी फाइल दुरुस्त करून पुन्हा त्याच पद्धतीने साठवली की पुन्हा तूट येते. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यासारखे अक्षर पुसट होत जाते.

म्हणून दुरुस्तीच्या कामासाठी वेगळे, ‘मधले’ फॉरमॅट तयार झाले. ॲव्हिड कंपनीचा डीएनएक्सएचडी आणि ॲपल कंपनीने २००७ साली आणलेला प्रोरेस हे त्यांतले प्रसिद्ध. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते, रंग ४:२:२ किंवा अधिक बारकाईने ठेवता येतो आणि १० बिटांची सोय असते. दाबणेही सौम्य असते.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला नावाचा. एमपी४ किंवा एमओव्ही हे फॉरमॅट नव्हेत, ते डबे आहेत. डब्यात भाजी कोणती, हे डब्यावरून कळत नाही. एकाच एमओव्ही डब्यात प्रोरेसही असू शकते आणि एच.२६४ सुद्धा. फाइलच्या माहितीत कोडेक, बिट आणि रंगाचे प्रमाण या तीन गोष्टी पाहाव्यात. दुसरा गैरसमज रूपांतराचा. फोनची ८ बिट ४:२:० फाइल प्रोरेसमध्ये बदलली म्हणजे गेलेली माहिती परत येत नाही. पावशेर दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून वाढत नाही. मग असे रूपांतर का करतात? संगणकाला काम सोपे होते आणि पुढच्या प्रत्येक टप्प्यावर नवी तूट जवळजवळ येत नाही, एवढ्यासाठी. पातेले मोठे असले की निदान सांडत तरी नाही.

रॉ म्हणजे काय?

कॅमेऱ्याच्या संवेदकाला स्वतःला रंग कळत नाही. त्याच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी चिमुकली काच बसवलेली असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांची. तिचे पेटंट १९७६ साली मिळाले. शेजारच्या बिंदूंवरून उरलेले दोन रंग अंदाजाने भरून काढायचे, व्हाइट बॅलन्स लावायचा, मग दाबायचे, असा नेहमीचा क्रम असतो. ‘रॉ’ फॉरमॅटमध्ये संवेदकाचे आकडे या प्रक्रियेआधीच साठवतात. व्हाइट बॅलन्स चुकला असेल तर तो नंतर, मूळ आकड्यांवरच लावता येतो. सर्वांत जास्त मोकळीक येथे मिळते. किंमत मोजावी लागते ती जागेची आणि वेळेची. मात्र संवेदकच प्रकाशाने भरून गेला असेल, तर रॉमध्येही तेथे काही नसते.

ही अडचण जुनीच

चित्रण करतानाच रंगाची नोंद नीट झाली पाहिजे, हा धडा संगणकाच्या युगातला नाही. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्यासाठीचे काम जर्मनीत करून घेतले. तरी पडद्यावर रंग मनासारखे उतरले नाहीत. त्या काळी प्रचलित असलेल्या दुपदरी फिल्मच्या पद्धतीत रंगांचे दोनच विभाग नोंदले जात. जो तिसरा विभाग नोंदलाच गेला नाही, तो प्रयोगशाळेत निर्माण करणे शक्य नसे. पुढे तीन रंगांची फिल्म आली आणि प्रत काढताना प्रकाशाचे प्रमाण बदलून रंग जुळवण्याचे कसबही विकसित झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने फिल्म स्कॅन करण्यासाठी सिनेऑन ही पद्धत आणली. तीत प्रत्येक रंगाला १० बिट आणि लॉग आखणी होती. फिल्ममधला पल्ला ८ बिटांत मावत नाही, हे त्या तंत्रज्ञांनी तेव्हाच ओळखले होते.

निवड कशी करावी?

आता व्यवहाराकडे वळू. हाय डेफिनिशन, सेकंदाला २५ फ्रेम धरून एका तासाला लागणारी जागा साधारण अशी:

फोनचे एच.२६४, ८ बिट, ४:२:०: ९ गिगाबाइट.
प्रोरेस ४२२, १० बिट: ५५ गिगाबाइट.
प्रोरेस ४२२ एचक्यू, १० बिट: ८३ गिगाबाइट.
न दाबलेले, १० बिट, ४:२:२: ४६७ गिगाबाइट.

स्नेहसंमेलनाचे चित्रण जसेच्या तसे दाखवायचे असेल तर पहिला पर्याय पुरेसा आहे. त्यात थोडाफार उजेड कमीजास्त केला तरी बिघडत नाही. रंगावरून निष्कर्ष काढायचा असेल किंवा वेगवेगळ्या दिवशीचे चित्रण जुळवायचे असेल, तर १० बिट आणि ४:२:२ ही किमान अपेक्षा ठेवावी. काही फोन १० बिटांत चित्रण करतात, पण रंग ४:२:० च ठेवतात. २०२१ पासून काही महागड्या फोनमध्ये प्रोरेसही आले आहे. दुरुस्ती करताना मधल्या फॉरमॅटमध्ये काम करावे आणि शेवटी दाखवण्यासाठी, पाठवण्यासाठी तेवढी एच.२६४ प्रत काढावी. मूळ फाइल मात्र कधीही पुसू नये, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून मागवू नये. तेथे ती आणखी एकदा दाबली जाते. मुलांच्या सहापैकी दोन झाडांचे चित्रण असेच आले होते.

पुन्हा चित्रण करताच येणार नाही अशा गोष्टींची काळजी तर अधिकच घ्यावी. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आमची नॅरोगेज गाडी ‘शकुंतला’ दारव्ह्यावरून जात असे. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली गेले, पुढे गाडीही बंद पडली. त्या काळातल्या लग्नकार्याच्या, सहलींच्या व्हिडिओ टेप अनेक घरांत धूळ खात आहेत; एखादीत ते इंजिनही असू शकेल. अशी टेप संगणकावर घेताना ती सरळ एमपी४ मध्ये दाबून टाकू नये. ७२० गुणिले ५७६ पिक्सेलचे हे चित्र ८ बिट ४:२:२ मध्ये न दाबता घेतले तर तासाला सुमारे ७५ गिगाबाइट लागतात. एफएफव्ही१ सारखा एकही आकडा न गमावणारा कोडेक वापरला तर जागा बरीच कमी लागते. टेपवरचा रंग मुळातच फिका आणि खरखरीत असतो. घट्ट दाबल्यावर त्या खरखरीचे ठोकळे बनतात आणि मग रंग सुधारणे कायमचे अवघड होते.

पुढच्या हंगामात

शाळेने पुढच्या हंगामात प्रकल्प पुन्हा केला. दर वेळी सकाळी ठरावीक वेळीच चित्रण, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर दोन्ही हाताने ठरवून पक्के केलेले, प्रत्येक चौकटीत करडा कागद, पूर्ण झाडासोबत तीन पानांचे जवळून चित्रण, आणि पानांचे रॉ छायाचित्र. १० बिट ४:२:२ देणारा कॅमेरा गावातल्या एका छायाचित्रकाराकडून शनिवारपुरता मिळाला. जवळून घेतलेल्या चित्रात दहा सेंटिमीटरचे पान चौकटभर आले. मग एका मिलिमीटरला १९ पिक्सेल पडले आणि शिरांचा रंग शंकेला जागा न ठेवता दिसला. काही झाडांवर लाली कडांवर होती, काहींवर शिरांच्या मधे. पहिल्या वर्षीच्या चित्रणात ही दोन्ही झाडे सारखीच दिसली असती. निदान अर्थातच चित्रावरून पक्के केले नाही. माती आणि पाने तपासायला दिली. पण कोणत्या झाडांची पाने वेगवेगळी करून द्यायची, ते चित्राने सांगितले. शेतकऱ्याला हंगामात एकच फवारणी परवडत असेल, तर ती चुकीची होऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

मुलांनी आणखी एक चांगली सवय लावून घेतली. कोणत्या चित्रणाला कोणता गुणाकार लावला, ते वहीत लिहिले आणि सर्व झाडांना तोच नियम लावला. एखाद्याच चित्राचा रंग डोळ्याला बरा वाटेल असा बदलला, तर ती सजावट होते, मापन राहत नाही.

वर्गात करून पाहा

१. लाल कार्डपेपरवर हिरवा दोरा ताणून बसवा. फोनने अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर अंतरावरून चित्रण करा. संगणकावर फ्रेम मोठी करून दोऱ्याचा रंग पाहा. दोरा दिसतो पण हिरवा राहत नाही, असे अंतर कोणते? आता पांढऱ्या कागदावर काळा दोरा ताणून हाच प्रयोग करा आणि दोन्हींची तुलना करा.

२. खोलीत एकच दिवा लावून पांढऱ्या भिंतीचे मुद्दाम अंधारे चित्रण करा. मग ते संगणकावर खूप उजळा. पट्टे कोठे पडतात ते मोजा.

३. संगणक नसेल तर आलेखकागद घ्या. ० ते ६० पर्यंत दर पाचव्या संख्येला एक बिंदू मांडून उतार काढा. सर्व संख्या आधी ८ च्या जवळच्या पटीत बदला, मग चारने गुणा. दुसऱ्या कागदावर आधी चारने गुणा, मग ८ च्या पटीत बदला. दोन्ही उतार शेजारी ठेवून पाहा.

तिसरा प्रयोग सर्वांत स्वस्त आहे आणि माझ्या मते सर्वांत बोलकाही. आकडे तेच, क्रिया त्याच, फक्त क्रम वेगळा. रंगदुरुस्तीसाठी फॉरमॅट निवडणे म्हणजे हाच क्रम नीट ठेवणे: ढोबळ करायचे ते दुरुस्तीनंतर, आधी नाही.